आमचं बोलणं रजिस्टरात लिहा : आमच्या ग्रामपंचायतीला एक खुलं पत्र

मा. सरपंच काकू, उपसरपंच भाऊ, सगळे सदस्य अन् सचिव साहेब,

सगळ्यांना नमस्कार.

हे पत्र मी आधी हाताने लिहून ग्रामपंचायतीत द्यायला गेली होती, २५ ऑगस्ट २०२५ ला, सोमवारी. आवक रजिस्टरला नोंद करा अन् पोच द्या म्हटलं तर चपराशी दादा म्हणाले साहेब आल्याशिवाय पोच देता येत नाही, साहेबांकडे तीन गावांचा चार्ज आहे, गुरुवारी या. गुरुवारी गेली तर साहेब तालुक्याला मीटिंगला गेलेले. दोनदा परत आली म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहिते आहे. गावाचं नाव टाकत नाही, कोणा माणसाचंही टाकत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं साधं कास्तकारांचं गाव आहे, कापूस, तूर अन् सोयाबीनचं. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, अन् बाकीच्यांनी वाचून आपापल्या गावात काय चालू आहे ते एकदा बघावं.

विषय जुन्या खोलीचा आहे. म्हणजे सुरुवात तिथून झाली.

ग्रामपंचायतीच्या मागची ती टिनाची खोली. आधी तिच्यावर वाचनालयाचा बोर्ड होता पण आत पुस्तकं नव्हती, फुटके माठ, इलेक्शनच्या जुन्या पेट्या अन् वटवाघळं होती. २०२१ च्या दिवाळीत आम्ही नऊ पोरापोरींनी ती साफ केली, तीन दिवस लागले, ट्रॉलीभर कचरा निघाला. सरपंच काकू, तेव्हा तुम्ही सरपंच नव्हत्या, तुमच्याच घरून आम्हाला चुना मिळाला होता भिंतीला मारायला, आठवत असेल तुम्हाला. शाळेचा जुना दरवाजा पडून होता त्याचा टेबल बनवला. ट्यूबलाइट वर्गणीची. पुस्तकं यवतमाळहून सेकंडहँड आणलेली, पोलीस भरतीची, तलाठी भरतीची, एमपीएससीची. आज तिथं रोज चौदा-पंधरा पोरं बसतात, सकाळी पाच ते नऊ अन् संध्याकाळी सात ते अकरा, मधल्या वेळात सगळे वावरात असतात. चावी माझ्याकडे असते कारण माझं घर जवळ आहे.

त्या खोलीची पूर्वेकडची भिंत तुमच्यापैकी किती जणांनी बघितली माहीत नाही. तिथं पेन्सिलीने नावं अन् टायमिंग लिहिलेले आहेत. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० मीटर, अन् आमच्या गावात मैदान नाही म्हणून पोरं पहाटे चार वाजता सडकेवर धावतात, कोणीतरी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभं राहतं अन् परत आलं की भिंतीवर लिहितात. एका पोरीचं नाव आहे तिथं, पहिला आकडा ३ मिनिट ५२ सेकंद, मग ३.४०, मग ३.३१, मध्ये दोन महिने काहीच नाही कारण कापूस वेचायचे दिवस होते, मग ३.१५, अन् सगळ्यात खाली २.५८. ती पोरगी आज पोलिसात आहे. तिचा बाप मजुरी करतो. तिचा सत्कार तुम्ही १ मेला ग्रामपंचायतीसमोर केला, शाल-नारळ दिलं, फोटो काढले, अन् फोटोत तीच खोली मागे दिसते.

त्याच खोलीचा ठराव २३ ऑगस्टला झाला. कृषी केंद्राला गोदाम म्हणून भाड्याने देणे. अभ्यासिकेचा त्यात शब्दसुद्धा नाही. ठरावात लिहिलंय "वापरात नसलेली खोली".

हा ठराव कसा झाला ते सांगते, कारण मला खोलीपेक्षाही जास्त ते लागलं.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, लेकरांना बुंदी वाटली, अन् नऊ वाजता ग्रामसभा सुरू झाली. मी सहा प्रश्न कागदावर लिहून नेले होते. माणसं मोजली तर साठच्या आसपास. नियम असा आहे की मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यापैकी जे कमी असेल तेवढी पाहिजेत. आपल्या गावात तेराशेच्या वर मतदार आहेत म्हणजे १०० लागतात. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. ठीक आहे, नियमानेच झाली. मी कागद घडी करून ठेवला.

तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावातल्या बहुतेक लोकांना माहीतच नाही, अन् ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सोयीचं आहे. २२ ला पोळा होता. २३ ला तान्हा पोळा. सकाळी दहाची सभा ठेवली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी कोणत्या घरातल्या माणसाला फुरसत असते सांगा, लेकरांचे लाकडी बैल सजवायचे, आदल्या दिवसाच्या पुरणपोळीची भांडी पडलेली, बाया सगळ्या कामात. दवंडी झाली नाही. नोटीस होती, पण ती ऑफिसच्या आत, दरवाजामागच्या फळ्यावर. मला कळलं ते माझ्या भाच्याच्या बैलाला झूल आणायला दुकानात गेली तेव्हा. धावत पोचली तोपर्यंत सभा संपलेली, वीस मिनिटांत. बाहेर चहा चालू होता.

आत टेबलावर रजिस्टर उघडं होतं. मी ते बघितलं. वर दोन ठराव लिहिलेले, मग जवळजवळ दीड पान कोरं, अन् खाली सह्या. कोऱ्या पानाखाली सह्या. अन् त्या सह्यांमध्ये माझ्या बाबांची सही.

बाबा सभेला गेलेच नव्हते. ते सकाळपासून घरी बैलाजवळ होते. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "काल संध्याकाळी पानठेल्यावर घेतली बाप्पा सही, हजेरीची हाय म्हणे." माझे बाबा आठवी शिकलेले आहेत, त्यांना वाचता येतं, त्यांनी वाचलं नाही कारण ज्याने रजिस्टर समोर धरलं तो त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस आहे, अन् आपल्या गावात ओळखीच्या माणसाने पुढे केलेला कागद वाचायला घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत नीट. पोरगी ज्या खोलीसाठी चार वर्षं झटली ती खोली काढून घ्यायच्या कागदावर आपली सही आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं. हे मी कधीच विसरणार नाही अन् तुम्हीही विसरू नका अशी माझी विनंती आहे.

घरी यायच्या आधी मी तिथं ऑफिसातच उभी राहून विचारलं होतं की हा विषय १५ तारखेच्या नोटिशीत नव्हता तर आज कसा आला. सचिव साहेब म्हणाले ऐनवेळचा विषय. मी म्हटलं माझं म्हणणं लिहून घ्या, विरोध म्हणून लिहा. तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी, काका, तुमचं नाव घेत नाही, पण तुम्ही मला काय म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं, "तुह्यं लगन होईन, तू जाशीन दुसऱ्या गावाले, तुले कायले पाह्यजे या गावचा हिशोब?"

काका, मी तुम्हाला तिथं उत्तर दिलं नाही कारण तुम्ही बाबांपेक्षा मोठे आहात. आता देते. माझी आई सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावात आली. तिने इथं चार एकर वावर निंदलं, तीन लेकरं वाढवली, बचत गट चालवला. अन् आजही ती काही बोलली की लोक म्हणतात तिचं काय ऐकता, ती तिकडची, बाहेरून आलेली. म्हणजे लग्नाआधी पोरगी जाणारी म्हणून या गावची नाही, अन् लग्नानंतर बाई आलेली म्हणून या गावची नाही. मग बाई कोणत्या गावची असते काका? सरपंच काकू, हे मी तुम्हालाही विचारते, तुम्हीसुद्धा लग्न होऊनच आल्या आहात. मी आली तेव्हा सभेच्या खुर्चीवर तुम्ही होत्या, पण बोलत दुसरेच होते. तुम्ही मान खाली घातली होती, मी बघितलं. मला तुमच्यावर राग नाही. मला तुम्ही बोलायला पाहिजे आहात.

आता पोरांबद्दल. नुसतं पोरींचं नाही हे.

२०१८ ला वॉटर कप होता, पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा, ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. मी सतरा वर्षांची होती. रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन टेकडीवर सीसीटी, म्हणजे पाणी अडवायचे चर, खोदायला जायचो कारण दिवसा उन्हाने चक्कर यायची, यवतमाळचा मे महिना काय असतो ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. हाताला फोड येऊन फुटले तरी फावडं सोडलं नाही. तेव्हा मोठी माणसं म्हणायची, पोट्ट्यांनी गाव उभं केलं. २०२० ला लॉकडाऊन लागला तर गावाच्या तोंडाशी नाक्यावर कोण बसलं, पोट्टेच. पुण्याहून पायी, ट्रकमधून आलेल्या लोकांना शाळेत थांबवलं तर त्यांचे डबे कोणी पोचवले, पोट्ट्यांनीच. २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, थेट सरपंच निवडायचा होता, तर दोन्ही पॅनलचे बॅनर लावणं, स्लिपा वाटणं, म्हाताऱ्या माणसांना गाडीवर बसवून बूथवर नेणं हे सगळं आम्हीच केलं. गणपती, दुर्गा, रक्तदान शिबिर, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, कोणाच्या घरी मयत झाली तर लाकडं फोडण्यापासून सगळं. काम असलं की "आमचे पोट्टे". हिशोब विचारला की "लहान तोंडी मोठा घास".

गावाच्या विकासाचा आराखडा बनवणाऱ्या समितीत तरुण आहेत असं तुम्ही म्हणता. यादी मी बघितली. तिच्यात दोन तरुण पोरांची नावं आहेत. एक चाकणला कंपनीत आहे तीन वर्षांपासून, त्याला फोन करून विचारलं तर त्याला माहीतच नव्हतं तो समितीत आहे. दुसरा गावातच आहे, त्याला एकदाही बोलावलं नाही, सही मात्र त्याच्या नावापुढे आहे अन् तो म्हणतो ती त्याची नाही. या सहीचं मी पुढे काही म्हणत नाही, तुम्हीच शोधा कोणाची आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता ग्रामपंचायतीचा. चांगला होता, पाणी कधी सुटणार, लाइट कधी येणार, लसीकरण कधी, सगळं कळायचं. जूनमध्ये एका पोराने त्याच्यावर विचारलं की नवीन नाली पहिल्याच पावसात खचली तर तिचं बिल निघालं का. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो. आता त्याच्यावर सकाळी गुड मॉर्निंग येतं अन् वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्या पोराने विचारलं त्याच्या बापाला घरकुलाच्या यादीवरून दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. तो पोरगा आता बोलत नाही. अशी एक-एक पोरं गप्प होतात अन् मग तुम्ही म्हणता आजकालच्या पोरांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही, गावाचं काही पडलेलं नाही.

मी माहिती अधिकाराचा अर्जही केला होता, त्याच नालीचा अन् वित्त आयोगाच्या खर्चाचा, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. कायदा २००५ चा आहे, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. एकोणचाळीसाव्या दिवशी कागद आला की माहिती मोठ्या प्रमाणात असल्याने संकलन सुरू आहे. अपील करणार आहे, पण खरं सांगू, मला अपील करायचं नव्हतं. आपल्याच गावातल्या ऑफिसला, जिथं मी लहानपणी बाबांसोबत घरपट्टी भरायला जायची, त्या ऑफिसला अर्ज करून विचारावं लागतं यातच मला वाईट वाटतं.

कायद्याचं थोडं लिहिते, कारण सभेत "तुम्हाला नियम माहीत नाहीत" असं ऐकवतात. ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. तिच्यानुसार गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. अर्ज करावा लागत नाही, कोणी नेमावं लागत नाही. मतदानाचं वय आधी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ झालं, मार्च १९८९ पासून. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून या देशाने ठरवलंय की अठरा वर्षांच्या पोराला समजतं. अन् ग्रामपंचायतीची निवडणूक लढायला २१ वर्षं पुरतात. मी चोवीसची आहे. सभेत मी पाहुणी म्हणून येत नाही काका, सदस्य म्हणून येते, जेवढे तुम्ही तेवढीच मी.

आपल्या विदर्भात हे नवीन नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, छोटंसं, गोंड लोकांचं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावची. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, २००९ ला. कॉलेजात एनएसएसच्या कॅम्पमध्ये आमच्या सरांनी आम्हाला त्याबद्दल सांगितलं होतं अन् त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली, ती म्हणजे तिथं अभ्यास गट असतो, लोक आधी बसून विषय समजून घेतात, प्रश्न विचारतात, अन् मग सभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय करत नाहीत. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी थांबतात, परत बोलतात. आपल्याकडे वीस मिनिटांत सभा. इकडे अमरावती जिल्ह्यात पायविहीर आहे, उजाड टेकडी होती, वनहक्क मिळवून गावाने ती हिरवी केली, सीताफळं विकली. ही गावं आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हती.

अन् मागे जायचं असेल तर १६ ऑगस्ट १९४२. आष्टी अन् चिमूर, चले जाव चळवळ. नागपंचमीचा दिवस होता. सणाच्या दिवशीच लोक घराबाहेर पडले होते, त्यात किती तरुण पोरं होती, गोळ्या खाल्ल्या. चिमूरला बालाजी रायपूरकर शहीद झाला. दरवर्षी १५ ऑगस्टच्या भाषणात आपण हे सांगतो, यंदाही सांगितलं, झेंड्याखाली उभं राहून, अन् त्यानंतर अर्ध्या तासात सभा तहकूब झाली.

आता दुसरी बाजूही मला माहीत आहे अन् ती लिहिली नाही तर मी खोटी ठरेन. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न कमी आहे. घरपट्टी अन् पाणीपट्टी किती घरांची थकली आहे ते सगळ्यांना माहीत, आमच्याही घरची एका वर्षाची बाकी होती, मागच्या महिन्यात भरली. वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही, अन् पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के पैसा पाणी अन् स्वच्छतेलाच बांधलेला, त्यामुळे पंपाचं बिल अन् चपराशी दादाचा पगार काढायला तुम्हाला भाडं पाहिजे असेल, हे मी समजते. सचिव साहेबांकडे तीन गावं आहेत, हेही खरंच अवघड आहे, माणूस एका दिवशी तीन ठिकाणी बसू शकत नाही. पण हे तुम्ही सभेत आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काही सुचवलं असतं. बाजाराच्या ओट्यामागे अजून एक बंद खोली आहे, शटरवाली, सडकेला लागून, गोदामाला तीच बरी पडते कारण तिथपर्यंत गाडी जाते. आमच्या खोलीपर्यंत तर ट्रॉलीसुद्धा वळत नाही. अभ्यासिकेची पोरं थकलेली घरपट्टी जमा करायला घरोघरी फिरायला तयार आहेत, मी विचारलं त्यांना. कोणी विचारलंच नाही म्हणून हे सगळं आमच्या पोटातच राहिलं.

तर आमचं मागणं असं आहे. आमचं म्हणजे माझं अन् खाली सह्या केलेल्या ३१ जणांचं, सगळे अठराच्या वरचे, सगळे मतदार, प्रत्येकाने पूर्ण वाचून सही केली आहे, माझ्या बाबांनीही केली आहे.

१. २३ ऑगस्टचा खोलीचा ठराव थांबवा. तो विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या नोटिशीत रीतसर टाका अन् कोरम असलेल्या सभेत त्याच्यावर बोलणं होऊ द्या. तोपर्यंत कुलूप बदलू नका. सभेने बोलून, समजून, खोली द्यायचीच असं ठरवलं तर आम्ही पुस्तकं उचलू, भांडणार नाही.

२. सभा संध्याकाळी सातला घ्या. सकाळी वावरातली माणसं येऊ शकत नाहीत, बाया तर नाहीच. नोटीस सात दिवस आधी, विषयांसकट, बाहेरच्या फळ्यावर, दवंडी देऊन, अन् ग्रुपवरही. अन् तहकूब सभेत आधीच्या नोटिशीतलेच विषय घ्या, ऐनवेळचा विषय म्हणून काहीही आणू नका.

३. सभेत जो बोलला त्याचं बोलणं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या रजिस्टरात, लिहा. विरोध असेल तर विरोध लिहा, नावासकट. लिहून झालं की तिथंच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा अन् मगच सह्या घ्या. कोऱ्या पानाखाली सही नको. पानठेल्यावर, घरी, वावरात सही नको. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाकी एखादी मागणी राहिली तरी चालेल पण ही राहू देऊ नका.

४. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती आपल्याकडे कागदावरच होते, ती खरंच घ्या, अन् तिच्यासारखीच एक तरुणांची बैठक घ्या, १८ ते ३० च्या पोरापोरींची. तिथं जे ठरेल ते ग्रामसभेत वाचून दाखवा. आराखडा समितीत गावात राहणारी दोन पोरं अन् दोन पोरी घ्या, त्यांना विचारून.

५. नालीचं बिल अन् या वर्षीचा खर्च ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर लिहा. पेंट आम्ही आणतो, अक्षर चांगलं असणारी पोरं आमच्यात आहेत.

६. ई-क्लासमधली, म्हणजे गावाच्या सरकारी गायरानातली, थोडी जागा धावायला द्या. फार नाही, दोनशे मीटरचा गोल निघेल एवढी. मागच्या हिवाळ्यात पहाटे धावताना एका पोराला मोटरसायकलने उडवलं, पाय मोडला, त्याची भरती गेली. सडकेवर पोरी अंधारात धावतात तेव्हा त्यांच्या आया दारात उभ्या राहतात परत येईपर्यंत. माझी आईसुद्धा उभी राहायची.

एवढंच आहे. यातलं कोणतंही काम ग्रामपंचायतीच्या हाताबाहेरचं नाही, अन् सहापैकी चार तर पैशाशिवाय होतात.

गटविकास अधिकारी साहेबांनाही या पत्राची कॉपी देणार आहे, लपून नाही, तुम्हाला सांगून देते आहे. पण मला हे गावातच मिटायला पाहिजे. तंटामुक्तीचा बोर्ड अजून आहे आपल्या वेशीवर, अन् मला माझ्याच गावातल्या माणसांविरुद्ध तालुक्याला फेऱ्या मारायच्या नाहीत. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या मांडीवर मी खेळलेली आहे.

यंदा २ ऑक्टोबरलाच दसरा आहे. पुण्याची, चाकणची, नागपूरची पोरं घरी येणार आहेत, मी त्यांना फोन करते आहे, आतापर्यंत अठरा जणांनी येतो म्हटलं. सोनं द्यायला आपण सगळे एकमेकांच्या घरी जातोच, देवळासमोर सगळं गाव जमतंच, तर सभा त्याच्या आधी घ्या, संध्याकाळी, देवळासमोरच, शंभराच्या वर माणसं नक्की राहतील. सतरंज्या आम्ही टाकू. माईक गणपती मंडळाचा आहे.

सरपंच काकू, सभेची सुरुवात तुम्ही करा. तुम्ही स्वतः. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन, आई माझ्या बाजूला राहील, अन् १५ ऑगस्टचा तो सहा प्रश्नांचा कागद अजून माझ्याजवळ आहे, तोच घेऊन येईन. सचिव साहेब, पहिला प्रश्न मी हळू बोलेन म्हणजे तुम्हाला लिहून घेता येईल.

तुमचीच,
गावातली एक मुलगी, वय २४
(सोबत ३१ सह्या, हाताने लिहिलेल्या मूळ पत्रावर)